गाजर गवतही कुणी मुद्दाम पेरलं नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीतला नॅनो तंत्रज्ञानावरचा, म्हणजे अणू-रेणूंच्या पातळीवर सूक्ष्म वस्तू घडवण्याच्या शास्त्रावरचा, लेख वाचला. इतका अवघड विषय मराठीत इतका सोपा करून मांडल्याबद्दल लेखकाचे मनापासून आभार. पण स्वतःच्या प्रती स्वतःच काढणाऱ्या यंत्रांचा मुद्दा त्यांनी 'ही चित्रपटातली भीती' असं म्हणून दोन ओळींत संपवला. माझं म्हणणं त्या दोन ओळींबद्दल आहे.

मी इंदापूर तालुक्यात तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निवृत्त झालो तरी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, शाळा अजून आठवणीने बोलावते. यंदा मी मुलांना भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्या १९५९ च्या भाषणाबद्दल सांगितलं. पदार्थाच्या तळाशी, अणूंच्या पातळीवर अजून भरपूर जागा रिकामी आहे, असं ते म्हणाले होते. शस्त्रक्रिया करणारं चिमुकलं यंत्र गिळायचं आणि त्याने आत जाऊन हृदयाची झडप दुरुस्त करायची, ही त्यांच्या एका मित्राची कल्पनाही त्यांनी त्यात सांगितली. मुलं खूश झाली. मग नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, त्या यंत्रांना पिल्लं व्हायला लागली तर?"

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही, कारण हाच प्रश्न फार मोठ्या माणसांनी फार गंभीरपणे विचारलेला आहे. यंत्र स्वतःसारखंच दुसरं यंत्र बनवू शकेल का, याचा गणिती विचार गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९४० च्या दशकात केला. यंत्राजवळ स्वतःचा आराखडा हवा, त्यावरून जोडणी करणारा भाग हवा आणि तो आराखडा उतरवून पुढच्या यंत्राच्या हाती देणारा भाग हवा, असं त्यांनी दाखवलं. सजीवांच्या पेशी जवळपास असंच करतात. पेशीतला आराखडा म्हणजे डीएनए. त्याची रचना १९५३ साली उलगडली, त्याच्याही आधीचा हा विचार आहे. पुढे १९८६ मध्ये अमेरिकन अभियंते एरिक ड्रेक्सलर यांनी हिशेब मांडला. एका सूक्ष्म यंत्राला स्वतःची प्रत काढायला १००० सेकंद लागतात असं धरलं, तर दहा तासांत दुपटीच्या ३६ पायऱ्या होतात आणि एकाची ६८७१ कोटी यंत्रं होतात. दोन दिवसांच्या आत त्यांचं वजन पृथ्वीपेक्षा जास्त भरेल. नवरात्रात रक्तबीजाची कथा ऐकलेल्या माणसाला हे गणित नवं वाटणार नाही. थेंब पडला की नवा राक्षस, आणि मारावं तितके वाढतात.

लेखकाच्या बाजूने बोलायचं तर या हिशेबाला आक्षेपही तितकेच भक्कम आहेत. कार्बनच्या फुटबॉलसारख्या रेणूच्या शोधासाठी नोबेल मिळालेले रिचर्ड स्मॉली यांचं म्हणणं होतं की एकेक अणू उचलून बसवणारी बोटं स्वतःच अणूंची असणार, म्हणजे जाड असणार, आणि उचललेला अणू त्यांना चिकटून बसणार. ड्रेक्सलर यांनीही २००४ मध्ये लिहिलं की नॅनो पातळीवर वस्तू बनवायला स्वतःच्या प्रती काढणाऱ्या यंत्रांची गरजच नाही. शिवाय कच्चा माल आणि ऊर्जा कुठून येणार? ई. कोलाय जिवाणू चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, तरी त्याने पृथ्वी व्यापलेली नाही, कारण त्याचं खाद्य संपतं.

हे सगळं मला मान्य आहे. पण पृथ्वी व्यापली जाणार नाही म्हणून प्रश्न मिटला, हे मान्य नाही.

गाजर गवताने पृथ्वी कुठे व्यापली? आपली शेतं, बांध, रस्त्याच्या कडा आणि शाळेची मैदानं व्यापली, तेवढं पुरे झालं. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते १९५० च्या दशकाच्या मध्यावर, आपल्या पुण्यात. आयात गव्हासोबत आलं असं मानतात. कुणी ते मुद्दाम पेरलं नाही, कुणाचा हेतू वाईट नव्हता. एक झाड हजारोंनी बी टाकतं. उपटणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटते, दमा असलेल्यांचा श्वास कोंडतो. १९८० च्या दशकात त्याच्यावर मेक्सिकन भुंगेरे सोडले. ते पावसाळ्यात पानं खातात, गवत पुन्हा उगवतं. सत्तर वर्षं झाली. जलपर्णीचं तेच. सुंदर जांभळ्या फुलांसाठी दक्षिण अमेरिकेतून जगभर नेलेली ही वनस्पती आज उजनीच्या पाण्यावर हिरवी चटई अंथरते आणि आमच्या भागातल्या मच्छीमारांची जाळी तिच्यात अडकतात.

त्या मुलीला मी उत्तर दिलं नाही. कुंपणालगतचं गाजर गवताचं एक झाड दाखवलं आणि हातमोजे घालून त्यावरची फुलं मोजून ये म्हणालो. दुसऱ्या दिवशी ती सहाशे चौदा हा आकडा घेऊन आली. प्रत्येक फुलात साधारण पाच बिया असतात हे सांगितल्यावर तिने फळ्यावर गुणाकार केला. तिसरी पिढी मांडेपर्यंत फळ्यावर जागा उरली नाही.

आपोआप वाढणाऱ्या गोष्टीची आता खरी शक्यता आहे ती लोखंडाच्या नव्हे, जीवशास्त्राच्या बाजूने. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी बेडकाच्या पेशींपासून मिलिमीटरपेक्षाही लहान गोळे बनवले. बशीत सुट्या पेशी टाकल्या की हे गोळे त्या गोळा करून त्यांचे नवे गोळे घडवतात. बशीबाहेर ते टिकत नाहीत आणि काही पिढ्यांत थांबतात, म्हणून त्यांची मला चिंता नाही. चिंता आहे ती आरशातल्या जिवाणूची. आपल्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती जवळपास सगळी एकाच बाजूची, 'डावखुरी' असतात. ती उलटी, आरशातल्या प्रतिमेसारखी घेऊन अख्खा जिवाणू बनवला तर? उजव्या पायाची चप्पल डाव्या पायात बसत नाही, तसं आपल्या प्रतिकारशक्तीला तो नीट पकडताच येणार नाही. जिवाणू खाणारे विषाणूही त्याला बहुधा धरू शकणार नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये ३८ शास्त्रज्ञांनी 'सायन्स' या नियतकालिकात मिळून लिहिलं की असा जिवाणू बनवूच नये. तो बनायला निदान दहा वर्षं लागतील असा त्यांचा अंदाज आहे. यातले काही जण स्वतःच त्या वाटेने निघाले होते आणि धोका दिसल्यावर थांबले. एवढं मोठं पाऊल मराठी वर्तमानपत्रांतून ठळकपणे यायला हवं होतं.

ही झाली दहा वर्षांपुढची गोष्ट. आजचं नॅनो तर गावात कधीच पोचलं आहे आणि ते चांगलंही आहे, हे मी आनंदाने सांगतो. २००९ मध्ये बाजारात आलेल्या 'स्वच्छ' या टाटांच्या फिल्टरमध्ये भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनो कण होते. राखेच्या फिल्टरवरचं आधीचं काम पुण्यातल्या प्रयोगशाळेत झालेलं. वीज नाही, नळ नाही, तरी पाणी पिण्याजोगं. कोरोनाच्या एमआरएनए लसी पेशीपर्यंत पोचल्या त्या चरबीच्या नॅनो कणांत गुंडाळूनच. ज्यांनी हे केलं त्यांच्यापुढे मी हात जोडतो.

पण तपासणीआधी पसरवायची आपली जुनी खोड इथेही दिसते. २०२१ मध्ये नॅनो युरिया आला. अर्ध्या लिटरची एक बाटली ४५ किलोच्या गोणीची जागा घेईल असं सांगितलं गेलं. मी कागद घेऊन बसलो. ४ टक्के नत्र असलेल्या त्या बाटलीत नत्र सुमारे २० ग्रॅम, गोणीत सुमारे २० किलो. कण बारीक आहेत, पानातून थेट आत जातात, वाया जात नाहीत, हे स्पष्टीकरण मी ऐकलं आहे. तरी हजारपट फरक कसा भरून निघणार? लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं शेतात प्रयोग केले, तेव्हा नेहमीच्या खतमात्रेच्या तुलनेत भाताचं उत्पादन सुमारे १३ टक्के आणि गव्हाचं सुमारे २१ टक्के घटलं. नॅनो युरिया बनवणाऱ्यांना हे निष्कर्ष मान्य नाहीत. मग मोकळेपणाने वाद व्हावा, आकडे समोर ठेवावेत. आमच्याकडे मात्र वाद न होता लिंकिंग झालं. युरियाच्या गोणीसोबत बाटली घेतल्याशिवाय गोणी मिळणार नाही, असं मला एका दुकानात तोंडावर सांगितलं गेलं.

कार्बनच्या लांब, ताठ नॅनो नळ्या उंदरांच्या पोटाच्या अस्तरावर, फुप्फुसांना घातक असलेल्या ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा परिणाम करतात, हे २००८ मध्ये दिसून आलं. ॲस्बेस्टॉसचं नाव निघालं की मला गोठ्यावरचे सिमेंटचे पत्रे आठवतात. तेही स्वस्त आणि टिकाऊ म्हणूनच आले. युरोपात सौंदर्यप्रसाधनातल्या नॅनो आकाराच्या घटकापुढे 'नॅनो' हा शब्द छापणं २०१३ पासून सक्तीचं आहे. आमच्या घरातल्या सनस्क्रीनच्या ट्यूबवर मी तो शब्द भिंग घेऊन शोधला, सापडला नाही.

म्हणून माझं सरकारला आणि विद्यापीठांना सांगणं आहे की जे स्वतःची संख्या स्वतः वाढवू शकतं ते, मग ते यंत्र असो वा जिवाणू, बंद करायचा उपाय हातात आल्याशिवाय प्रयोगशाळेबाहेर नेण्याची परवानगी कायद्यानेच नसावी. आणि जे वाढत नाही पण शेतात, पोटात, त्वचेवर जातं, त्याच्या वेष्टनावर 'नॅनो' असं मराठीत छापलेलं असावं. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने नॅनो खतांच्या आपल्या मातीतल्या चाचण्यांचे आकडे, चांगले असोत वा वाईट, पीकनिहाय मराठीत प्रसिद्ध करावेत. उसाचे आणि डाळिंबाचे आधी केले तर आमच्या तालुक्याला या हंगामातच उपयोग होईल.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
ता. इंदापूर, जि. पुणे