सूचना : गिब हिल येथील भेटीबाबत

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, येत्या रविवारी आपण इंग्लंडमधील पीक डिस्ट्रिक्टच्या चुनखडीच्या पठारावरील गिब हिल हा प्रागैतिहासिक दफनटेकाड पाहणार आहोत. लांबून ही नुसती गवताळ टेकडी वाटते. प्रत्यक्षात नवाश्मयुगातील लंबगोल टेकाडावर पुढे कांस्ययुगात दुसरे, गोल टेकाड चढविले गेले आहे. १८४८ साली पुरातत्त्व-अभ्यासक थॉमस बेटमन यांनी येथे बोगदा खणला, परंतु हाती फारसे काही न लागल्याने लाकडी आधार काढून घेतले जात असताना वरची दफनाची दगडी पेटीच बोगद्याच्या छतातून खाली कोसळली, आणि तीत जळालेली हाडे व एक लहान मातीचे भांडे मिळाले. (शोध लागला तो असा, खणणाऱ्यांच्या कौशल्यापेक्षा योगायोगानेच.)

हे स्मारक कायद्याने संरक्षित असल्यामुळे तेथील दगड हलवू नये, माती उकरू नये, आणि धातुशोधक यंत्र तर सोबत आणूच नये. विनापरवाना त्याचा वापर हा ब्रिटनच्या १९७९ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्यानुसार गुन्हा ठरतो. गवत ओले असताना उतारावर पावलांनी चर पडतात, म्हणून पाऊस झाल्यास टेकाडावर न चढता पायथ्याशीच थांबावे. वाट खाजगी शेतातून जाते. फाटक आपल्यामागे लावून घ्यावे.