दोन मिनिटांची कळ

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या 22.04 आवृत्तीवरून 24.04 वर गेल्यापासून तुझा संगणक सुरू होताना बोधचिन्हावरच अडकून बसतो आणि आता सगळे पुसून नव्याने बसवावे असे तुझ्या मनात घोळते आहे, हे वाचून लगेच लिहायला बसलो, कारण गेल्याच महिन्यात माझ्यावरही नेमका हाच प्रसंग आला होता. तूर्त काहीही पुसू नकोस.

माझे अपग्रेड रात्री साडेअकराला विनातक्रार संपले. रीस्टार्ट केल्यावर बोधचिन्ह आले, त्याखालचे चक्र फिरू लागले आणि फिरतच राहिले. मिनिटभर वाट पाहून मी पॉवरचे बटण दाबून धरले आणि हाच उद्योग चार वेळा केला. तो अडाणीपणाच होता, कारण असे मध्येच बंद केल्याने डिस्कवरच्या फाइल बिघडू शकतात.

पाचव्या खेपेस डोके थोडे शांत झाले. कंपनीचा लोगो दिसताच एस्केप दाबून ग्रबचा, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, मेनू उघडला आणि ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल, म्हणजे सिस्टिमचा आधीचा गाभा, निवडला. तोही तिथेच अडकला. त्या वेळी मी वैतागलो, पण खरे तर तो पहिला उपयोगी पुरावा होता, कारण दोष नव्या कर्नलचा असता तर जुन्याने यंत्र बहुधा सुरू झाले असते. मग मेनूतल्या पहिल्या ओळीवर येऊन ई दाबले, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या लांबलचक ओळीतले 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' हे दोन शब्द खोडले आणि एफ10 दाबले. हा बदल तेवढ्या एका खेपेपुरता असतो, त्यामुळे भिण्याचे कारण नाही. बोधचिन्हाचा पडदा गेला आणि मागे काय चालले आहे ते ओळीओळीने दिसू लागले.

आधी सुमारे तीस सेकंद काहीच हलले नाही आणि मग सस्पेंड-रिझ्यूमच्या डिव्हाइसची (संगणक झोपवताना मेमरी जिथे साठवतात त्या डिस्कवरच्या जागेची) वाट पाहणे सोडून दिल्याची एक ओळ आली. पुढे लाल तारका डावीउजवीकडे सरकू लागल्या. शेजारी 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग', एका डिस्कचा लांबलचक यूयूआयडी (ओळख क्रमांक) आणि एक मिनिट तीस सेकंदांकडे सरकणारे घड्याळ. नव्वद सेकंद ही सिस्टिमडीची, म्हणजे सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमची, ठरलेली मुदत आहे. ती संपली आणि काही झालेच नाही अशा थाटात लॉगिनचा पडदा समोर आला! म्हणजे यंत्र अडकले नव्हते, दोन मिनिटे कोणाची तरी वाट पाहत होते आणि मी दर वेळी मिनिटभरातच त्याचा गळा दाबत होतो.

वाट कोणाची, तर चार महिन्यांपूर्वी मीच मोडलेल्या स्वॅप पार्टिशनची, म्हणजे मेमरी अपुरी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या भागाची. ते मोठे करण्यासाठी मी नव्याने तयार केले होते आणि नव्या पार्टिशनला नवा यूयूआयडी मिळतो. मी ते हाताने चालू केले, पण एफएसटॅबमध्ये (कोणत्या डिस्क जोडायच्या त्या यादीच्या फाइलमध्ये) आणि इनिटरॅमएफएसच्या (कर्नलसोबत अगदी सुरुवातीला चढणाऱ्या छोट्या संचाच्या) 'रिझ्यूम' नावाच्या फाइलमध्ये जुनाच पत्ता राहिला. त्यानंतर चार महिने मी संगणक रोज फक्त स्लीपमध्ये टाकत होतो, त्यामुळे चूक अपग्रेडनंतरच्या पहिल्या रीस्टार्टला उघडी पडली आणि आळ बिचाऱ्या अपग्रेडवर आला. त्यातून, रिझ्यूमला जुळणारे स्वॅप सापडत नसल्याचा इशारा अपग्रेड चालू असताना पडद्यावर आला होता. नंतर लॉग चाळताना तो सापडला. अशा ओळी शेकड्याने सरकत असतात, आपण कुठे वाचतो?

दुरुस्ती पाच मिनिटांची निघाली. बीएलकेआयडी या आज्ञेने खरा यूयूआयडी पाहिला, दोन्ही फाइलींत तो घातला आणि अपडेट-इनिटरॅमएफएस चालवले. ते चालवताना सर्व कर्नलांसाठी चालव, नाहीतर फक्त सर्वांत नव्या कर्नलची प्रत सुधारते आणि जुना कर्नल निवडलास की तो पुन्हा तीस सेकंद रुसून बसतो.

तुझा दोष हाच असेल असे नाही. जुन्या कर्नलने यंत्र व्यवस्थित सुरू झाले, तर ग्राफिक्स ड्रायव्हरचे मॉड्यूल नव्या कर्नलसाठी तयार झाले नसावे असा माझा पहिला संशय राहील. मग 'लिनक्स'च्या त्याच ओळीत, पडद्याची मांडणी कर्नलला करू न देणारा 'नोमोडसेट' हा शब्द घालून पाहा. इमर्जन्सी मोड (लॉगिनऐवजी नुसता आज्ञा लिहायचा पडदा) आला, तर एफएसटॅबमध्ये आता नसलेली एखादी डिस्क लिहिलेली आहे का ते आधी तपास. बूट पार्टिशन (कर्नलच्या फाइलींची जागा) वेगळे ठेवले असशील, तर ते भरले आहे का तेही बघ.

तेव्हा कळ दाबण्याआधी थोडी कळ काढ. ते दोन शब्द खोडून तीन मिनिटे नुसते बघत बस, पडदा ज्या ओळीवर थांबेल तिचा मोबाइलवर फोटो काढ आणि मला पाठव. मी आठवडाभर रात्री नऊनंतर घरीच आहे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच,
जुना वर्गमित्र