तक्रार: चालूच न शकणारी केबल विकल्याबद्दल

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 'फायरवायर टू यूएसबी' केबल आणि त्यापायी बिघडलेला कॅमकॉर्डर

महोदय,

3 जूनला आपल्या ॲपवरून मी 649 रुपयांची एक केबल मागवली. एका टोकाला कॅमकॉर्डरची चार पिनांची छोटी फायरवायर (जुन्या कॅमकॉर्डरमधून व्हिडिओ बाहेर काढायची जोडणी), दुसऱ्या टोकाला साधं यूएसबी. खाली लिहिलं होतं, 'कॅमकॉर्डरमधला व्हिडिओ थेट लॅपटॉपवर, नुसतं लावा आणि सुरू करा.' मी लावली. कॅमेरा प्लेवर, लॅपटॉपवर कॅप्चरचा प्रोग्रॅम उघडा, आणि समोर एकच ओळ: डिव्हाइस सापडले नाही.

आपल्या ग्राहक सेवेने आधी ड्रायव्हर टाकायला सांगितलं, मग दुसऱ्या पोर्टला लावायला, मग लॅपटॉप बंद करून चालू करायला. चौथ्या फोनला केबल बदलून दिली. बदलून आलेलीही तशीच मुकी. यात परतीचे सात दिवस कधीच उलटून गेले, कारण चूक माझीच असणार असं मी धरून चाललो होतो. साठीच्या माणसाला कॉम्प्युटरसमोर बसवलं की तो आधी स्वतःवरच संशय घेतो.

शेवटी आमच्या गावातल्या शूटिंगवाल्याने केबल हातात घेतली आणि हसला. त्याने जे सांगितलं ते आपल्या तांत्रिक विभागाला ठाऊक नसेल तर कठीण आहे. चार पिनांच्या फायरवायरमध्ये सिग्नलच्या दोन जोड्या असतात. यूएसबीत सिग्नलची एक जोडी, आणि शिवाय पाच व्होल्टची वीज. दोघांची बोलायची रीतच वेगळी. मध्ये नुसती तार टाकून एकाचं दुसऱ्याला कळत नाही. डीव्ही, म्हणजे डिजिटल व्हिडिओच्या टेपवरून सेकंदाला 25 मेगाबिट या वेगाने चित्र येतं, तासाच्या कॅसेटचे साधारण 13 जीबी होतात. ते उतरवायला कॉम्प्युटरलाच फायरवायरचं पोर्ट किंवा कार्ड लागतं. म्हणजे मला आलेल्या दोन्ही केबली बिघडलेल्या नव्हत्या. त्या चालणं शक्यच नव्हतं.

गंमत म्हणजे आपल्या प्रतिनिधीने हेच वाक्य माझ्यावर उलटवलं: 'सर, केबलमध्ये दोष आढळलेला नाही, त्यामुळे रिफंड बसत नाही.'

649 रुपये गेले असते तर एवढं लांब पत्र लिहिलं नसतं. मार्च महिन्यात याच शूटिंगवाल्याने याच कॅमेऱ्यातून, याच पोर्टमधून माझी एक कॅसेट व्यवस्थित उतरवून दिली होती. त्याने 400 रुपये घेतले, म्हणून उरलेल्या दहा घरीच उतरवू असा माझा हिशेब. (केबल घेण्याआधी त्यालाच विचारलं असतं, तर हे सगळं टळलं असतं, हे बायकोने मला सांगून झालं आहे.) आता त्याच्या कार्डाला, त्याच्याच केबलने माझा कॅमेरा लावला तर सापडत नाही, त्याचा स्वतःचा कॅमेरा लगेच सापडतो. मधल्या काळात त्या पोर्टात आपल्या केबलीशिवाय दुसरं काही गेलेलं नाही; तिच्यातून आलेल्या यूएसबीच्या विजेनेच ते गेलं असणार.

दुसऱ्या कॅमेऱ्यात कॅसेट घालून उतरवा, असं आपण म्हणाल. आठ कॅसेटींचं तसं होईल. पण दोन कॅसेटी मी 2005 साली एलपी (लाँग प्ले) मोडवर घेतल्या होत्या, साठ मिनिटांच्या टेपवर नव्वद मिनिटं बसावीत म्हणून. एलपीची टेप ज्या कॅमेऱ्यावर घेतली त्यावरच नीट चालेल याची खात्री असते. शूटिंगवाल्याच्या कॅमेऱ्यावर चित्राचे चौकोन होऊन फुटतात आणि आवाज तुटतो. पिवळ्या-पांढऱ्या-लाल वायरींनी माझ्या कॅमेऱ्यातून चित्र अजून बाहेर येतं, पण ते टेपवरच्या मूळ डेटाची नक्कल नसते, मवाळ पडतं.

त्या दोन कॅसेटींत माझे वडील आहेत. मिरजेत तंबोऱ्याचं काम करायचे. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायची, तार छेडायची, मान तिरकी करून ऐकायचं, पुन्हा कानस. जवारी, म्हणजे घोडीचा नेमका घास, लागते त्या क्षणी तारेचा आवाज एकदम उघडतो, आणि ते कॅमेऱ्याकडे न बघता 'हां' म्हणतात. तो 'हां' तुटलेल्या आवाजात कळत नाही. ज्या फरकासाठी त्यांनी आयुष्यभर कान लावला, तोच फरक मवाळ झालेल्या नकलेत जाईल अशी मला भीती आहे.

माझ्या मागण्या अशा. केबलचे 649 रुपये परत करावेत. कॅमेऱ्याचं फायरवायरचं पोर्ट दुरुस्त करून द्यावं किंवा दुरुस्तीचा खर्च द्यावा; दुरुस्तीवाल्याचा अंदाज सोबत जोडला आहे. आणि ही केबल ॲपवरून काढावी. काल संध्याकाळी पाहिलं, ती अजून तिथेच आहे, वर 'मर्यादित साठा' असा लाल पट्टाही लावलेला.

ई-कॉमर्स नियम, 2020 प्रमाणे या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. तसं झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या नंबरवर तक्रार नोंदवीन आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करीन. पाच लाखांच्या आतल्या दाव्याला तिथे फी नाही, हे मी पाहून ठेवलं आहे.

पावती, ॲपवरच्या जाहिरातीचे स्क्रीनशॉट आणि आपल्या प्रतिनिधीशी झालेलं चॅट सोबत आहे. केबल मात्र परत पाठवत नाही. ती पुरावा म्हणून माझ्याकडेच राहील.

आपला,
एक ग्राहक, मिरज