चि. ताईस, त्या जुन्या व्होटरबद्दल

चि. ताईस अनेक आशीर्वाद,

तुझं पत्र आणि रॅकचा फोटो मिळाला. कार्डांवरची धूळ बघून आधी हसू आलं, मग थोडा हेवाही वाटला. टेलिफोन लाइनच्या जमान्यातला हा व्होटर, म्हणजे अनेक रिसीव्हरांतून सगळ्यात स्वच्छ ऐकणारा निवडणारं यंत्र, तुमच्या रेडिओ क्लबच्या रिपीटरला (दुसऱ्याचं बोलणं ऐकून जास्त ताकदीने पुन्हा पाठवणाऱ्या संचाला) जोडायचा की भंगारात द्यायचा, असं विचारलं आहेस. जोडा. तुमचा रिपीटर 50 वॅटने बोलतो आणि समोरचा 5 वॅटच्या हँडीवरून (हातातल्या छोट्या संचावरून) उत्तर देतो. म्हणजे ऐकू सगळ्यांना येतं, पण त्यांचं रिपीटरला येत नाही. हा 10 डेसिबलचा फरक भरून काढायला चार ठिकाणी रिसीव्हर ठेवणं हाच सरळ उपाय.

फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात ठेव. हा व्होटर सिग्नलची ताकद बघत नाही, त्याला ती दिसतच नाही. त्याच्यापर्यंत नुसता आवाज पोचतो. त्यात ज्याची खरखर सगळ्यात कमी, त्याला तो मत देतो. टेलिफोन लाइनवरून साधारण 300 ते 3000 हर्ट्झच येतं, त्यामुळे बोलण्याच्या वरच्या पट्ट्यातली खरखर मोजायची सोय नव्हती. बोलणारा दोन शब्दांच्या मध्ये थांबला की तेवढ्या फटीत ऐकू येणाऱ्या खरखरीवरून हे जुने व्होटर निकाल लावतात.

यातच मी एकदा चांगला फसलो. आमच्या व्होटरमध्ये दर रिसीव्हरच्या लाइनला एक कार्ड, त्यातल्या तीन नंबरच्या कार्डाचा मत दाखवणारा दिवा सतत पेटलेला. माणूस दोन नंबरच्या रिसीव्हरखाली उभा असला तरी मत तीनलाच, आणि आवाज उशीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. मी कार्डावरचे कपॅसिटर बदलले, सोल्डर नव्याने केलं. शेवटी कंटाळून दोन आणि तीन नंबरची कार्डं अदलाबदल केली, तरी मत त्याच लाइनला. कार्ड बिचारं निर्दोष होतं. बाकी रिसीव्हरांचा आवाज मी डिस्क्रिमिनेटरवरून (एफएम सिग्नलमधून कच्चा आवाज काढणाऱ्या भागातून) घेतला होता आणि या एकाचा, घाईत, स्पीकरच्या तारेवरून. तिथे डी-एम्फसिस (वरच्या फ्रिक्वेन्सी दाबण्याचा टप्पा) आधीच होऊन गेलेला असतो. एफएमची खरखर वरच्या फ्रिक्वेन्सीला जास्त, आणि नेमका तोच भाग कापला गेलेला. व्होटरला वाटलं, काय स्वच्छ सिग्नल आहे!

म्हणून व्होटरचे स्क्रू फिरवण्याआधी लाइन्स सारख्या कर. सिग्नल जनरेटरवरून प्रत्येक रिसीव्हरला 1000 हर्ट्झचा टोन 3 किलोहर्ट्झ डेव्हिएशनने (टोनने फ्रिक्वेन्सी तेवढी हलेल असा) दे आणि व्होटरच्या इनपुटला सगळ्यांची पातळी एकच येईल असं बघ. डेव्हिएशन तेवढंच ठेवून 400 आणि 2500 लाही मोज. कुठल्याही फ्रिक्वेन्सीला चारही लाइन्स एकमेकींच्या एका डेसिबलच्या आत हव्यात. यात अख्खा दिवस जाईल, जाऊ दे.

दुसरी भानगड स्टेटस टोनची. सिग्नल नसल्याने रिसीव्हरचा स्क्वेल्च (सिग्नल नसताना आवाज अडवणारं दार) मिटलेला असेपर्यंत रिसीव्हर लाइनवर एक शिट्टी सोडत राहतो. मोटोरोलाच्या स्पेक्ट्रा-टॅक व्होटरमध्ये ती 2175 हर्ट्झची, जीईच्या (जनरल इलेक्ट्रिकच्या) पद्धतीत 1950 ची. शिट्टी थांबली की व्होटर समजतो, सिग्नल आला. तुमच्याकडे मूळ टोन कार्डं नसतील तर क्रिस्टलवर चालणारा छोटा मायक्रोकंट्रोलर पुरतो, पण त्याची चौकोनी लाट गाळून मग लाइनवर सोड. आरसीवर (रेझिस्टर-कपॅसिटरवर) चालणारा जुगाड नको. थंडीत तो सरकतो, मग व्होटर त्याला ओळखत नाही आणि शिट्टी थेट रिपीटरवर ऐकू येते.

इंटरनेटवरून लिंक करायचा विचार आहे असं लिहिलं आहेस. मला तो फारसा पटत नाही. आवाजाचा डेटा दाबून लहान करणारे कोडेक (आवाज आकड्यांत बदलणारे प्रोग्राम) खरखरीला कचरा समजून झाडून टाकतात, म्हणजे व्होटरचा पुरावाच गायब. शिवाय ती लाइन 100 मिलिसेकंद मागे राहिली की बोलता बोलता मत फिरलं तर अर्धा शब्द दोनदा ऐकू येतो किंवा गिळला जातो. करायचंच असेल तर न दाबणारा कोडेक घ्या आणि बाकीच्या लाइन्सना तेवढाच उशीर द्या. यूएचएफ रेडिओ लिंकला हा त्रास नाही.

पॉवर सप्लायचे मोठे कपॅसिटर न तपासता बदलून टाक. कार्डांचे सोनेरी दात आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूस, खोडरबर घासू नकोस.

आता सगळ्यात वाईट प्रसंग. लांबच्या साइटची वीज गेली आणि लिंकचा ट्रान्समीटर बंद पडला. तुमच्या टोकाचा लिंक रिसीव्हर गप्प झाला. टोन नाही, म्हणजे व्होटरच्या हिशेबी सिग्नल आहे. खरखर शून्य, म्हणजे सगळ्यात उत्तम सिग्नल! तो त्या मेलेल्या लाइनला मत देतो आणि रिपीटर शांतता प्रसारित करत बसतो. काही व्होटर बराच वेळ टोन आला नाही तर लाइन बाद करतात, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. लिंकचा कॅरियर (आवाज वाहून आणणारी रेडिओ लहर) गेला की तुमच्याच टोकाला तो टोन लाइनवर चढेल असा रिले लाव. मग मुद्दाम लिंक बंद करून दिव्यांकडे बघ. चारही लाइन्सवर हे करून झाल्याशिवाय रिपीटर रात्रभर चालू ठेवू नकोस, आणि मोजलेले आकडे मला कळव.

तुझा,
बाबा