हौदसफाई: येत्या रविवारी सकाळी ८ वाजता

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, कातडी कमावण्याच्या हौदांची पावसाळ्याआधीची सफाई रविवारी अंबडच्या शेडवर होईल. शनिवारी दुपारनंतर चुन्याच्या हौदात नवी कातडी टाकू नका. आत असतील ती काढून घ्या.

बाकी काही वाचले नाही तरी चालेल, एवढे वाचा. चुन्याच्या हौदातले (केस काढण्यासाठी घातलेले) सल्फाइड आणि पिकलच्या, म्हणजे कातडी आम्ल-मिठाच्या पाण्यात मुरवण्याच्या, ड्रममधले आम्ल एका गटारात भेटले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाक बधिर होते आणि वासच येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असे धरून चालू नका. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. गाळ ढवळला की पुन्हा सुटतो.

- रविवारी पिकलचा एकही ड्रम रिकामा करायचा नाही. विनंती नव्हे, नियम आहे.
- हौदात कोणी उतरायचे नाही. गाळ वरूनच पंपाने काढायचा. वायू मोजायचा मीटर काठावर चालू ठेवा, १० पीपीएमचा (हवेच्या दहा लाख भागांत १० भाग वायू) अलार्म वाजला की सगळे लांब.
- कोणी आत पडलाच तर मागोमाग उडी घेऊ नका. दुसरा बळी असाच जातो. ब्लोअर लावा, १०८ ला फोन करा.
- क्रोमचा (कातडी कमावायच्या क्रोमियम क्षाराचा) निळसर गाळ वेगळ्या गोणीत. चुन्याच्या गाळात किंवा नाल्यात नाही.

गमबूट, रबरी हातमोजे आपापले आणा. चहा-नाश्ता शेडवर, पण हात धुतल्यावरच.

– व्यवस्था समिती