फर्नेस विझते कधी, ते आधी बघ

कोल्हापूर
शनिवार, रात्री

प्रिय दिलीप,

फोनवर तुझा आवाज सारखा तुटत होता, पण मागून काकूंचं "राहू दे रे, मला चालतंय" स्पष्ट ऐकू आलं. त्यांना चालत नाही, हे तुलाही कळतं आणि मलाही. मंगळवार पेठेत जन्म काढलेली बाई, इथं पारा १५ वर आला की कानाला स्कार्फ बांधते, आणि तिकडं शिकागोत बाहेर उणे १८, त्यात घर गरम ठेवणारी गॅसची फर्नेस बंद पडलेली! मिस्त्री सोमवारशिवाय येत नाही म्हणालास. तोवर काय करायचं आणि कशाला अजिबात हात लावायचा नाही, ते सविस्तर लिहितो.

साध्या गोष्टी आधी उरकून टाक. थर्मोस्टॅट 'हीट'वर आहे का, त्यातले सेल उतरलेत का ते बघ. पंख्याचं बटण 'ऑन'वर असेल तर 'ऑटो'वर कर. 'ऑन'वर ब्लोअर फिरतच राहतो आणि बर्नर बंद असतानाही जाळीतून गार हवा येते. मग फिल्टर काढून उजेडासमोर धर. आरपार दिसत नसेल तर आजच नवीन घाल.

आता मुख्य गोष्ट. शिरोलीच्या फाउंड्र्यांमधले कोअर ओव्हन असोत नाहीतर बेकरीच्या भट्ट्या, बर्नरचं काम करताना माझा एकच नेम आहे: पार्ट बदलायच्या आधी पेटणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघायचं. तुझी फर्नेसही त्याच क्रमाने चालते. दारावर छोटी काच असते, तिच्यासमोर बस आणि वहिनींना थर्मोस्टॅट वाढवायला सांग. आधी धूर बाहेर ओढणारी छोटी मोटर घूं करेल. तिची ओढ नीट लागली की प्रेशर स्विच जुळतो. मग इग्नायटर केशरी तापतो, गॅसचा व्हॉल्व्ह टक् वाजतो, ज्योत पेटते आणि थोड्या वेळाने मोठा ब्लोअर सुरू होतो. गाडी कुठल्या स्टेशनावर थांबली, तेवढंच मला कळव.

मोटर फिरते पण इग्नायटर तापतच नाही, असं झालं तर बाहेर जाऊन भिंतीतून निघणारे पाइप बघ. तुझी फर्नेस नव्या पद्धतीची असेल तर ते पांढरे प्लॅस्टिकचे असतील. बर्फाने तोंड बुजलं की प्रेशर स्विच जुळत नाही आणि पुढचं सगळं अडतं. हाताने बर्फ काढ. अशा फर्नेसमधून पाणीही निघतं. त्याची नळी तुंबली किंवा गोठली तरी हाच प्रकार होतो.

ज्योत पेटून विझत असेल तर किती वेळाने विझते ते घड्याळ लावून बघ, कारण सगळं निदान त्यात आहे. चार-पाच सेकंदांत विझली तर माझा संशय फ्लेम सेन्सरवर. तो ज्योतीत उभा असलेला धातूचा दांडा. ज्योतीतून अगदी बारीक, मायक्रोअँपियरचा करंट वाहतो, त्यावरून कंट्रोल बोर्डाला ज्योत पेटल्याची खात्री पटते. दांड्यावर थर बसला की समोर आग असूनही बोर्डाला ती दिसत नाही, आणि बोर्ड गॅस तोडतो. असं काही वेळा झालं की फर्नेस स्वतःला कुलूप लावून घेते. आणि काही मिनिटं नीट जळून विझत असेल, ब्लोअर मात्र गार हवा फेकत राहत असेल, तर आतली उष्णता बाहेर पडत नाहीये, म्हणून फर्नेस जास्त तापू न देणारा लिमिट स्विच गॅस तोडतोय. त्याचं नेहमीचं कारण तोच तुंबलेला फिल्टर, किंवा सोफ्याखाली झाकलेल्या जाळ्या.

सेन्सर साफ करणं अवघड नाही. वीज बंद, गॅसचा कॉक पाइपला आडवा करून बंद, एक स्क्रू काढायचा आणि बारीक स्टील वूलने दांडा हलकेच पुसायचा. पण बोर्डावरचा दिवा कसा लुकलुकतोय ते वीज बंद करायच्या आधी लिहून घे. त्याचा तक्ता बहुधा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. इग्नायटरला बोट लावू नकोस, तो फार ठिसूळ असतो. दार काढल्यावर वीज तोडणारं बटण टेपने दाबून ठेवायचं नाही. गॅस व्हॉल्व्हला तर हात लावायचाच नाही. तिथं मीही फोनवरून सल्ला देणार नाही.

गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता सगळे बाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन कर. कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला मात्र वासच नाही, म्हणून त्याचा अलार्म चालू आहे का ते आज रात्रीच दाबून बघ. कुणाचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं, तर थंडीचा परिणाम म्हणून सोडू नकोस, काकूंच्या बाबतीत तर मुळीच नाही. आणि ऊब यावी म्हणून स्वयंपाकघरातला गॅस ओव्हन उघडा ठेवायचा नाही, कोळशाची शेगडीही घरात पेटवायची नाही.

सोमवारपर्यंत सगळे एकाच खोलीत झोपा, विजेचा हीटर पडद्यापासून लांब ठेवून थेट भिंतीतल्या सॉकेटलाच लाव. रात्री बाहेरच्या भिंतीलगतचे नळ बारीक धारेने चालू ठेव आणि सिंकखालची दारं उघडी ठेव, नाहीतर पाइप गोठून फुटतील.

दिवा किती वेळा लुकलुकतो आणि ज्योत किती सेकंद टिकते, हे दोन आकडे मिळाले की लगेच कळव. मी फोन उशाशी ठेवून झोपतोय, वेळ बघू नकोस. काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विजय