सचिन ‘अभिनेता’ ठरला तेव्हा

सलूनमध्ये दाढी चालू असताना टीव्हीवर सचिन तेंडुलकरची जुनी जाहिरात लागली. सलूनवाला म्हणाला, ‘‘आता हा काय नट आहे का?’’ कायद्याने आहे! परदेशी चलनात मिळालेल्या जाहिरातींच्या पैशांवर सचिनने अभिनेता म्हणून प्राप्तिकरात वजावट, म्हणजे करपात्र उत्पन्नातून सूट, मागितली होती. हा तर क्रिकेटपटू, असा प्राप्तिकर खात्याचा आक्षेप. प्राप्तिकराचे तंटे ऐकणाऱ्या मुंबईच्या अपिलीय न्यायाधिकरणाने २०११ मध्ये सचिनची बाजू उचलून धरली. जाहिरातीत कॅमेऱ्यासमोर, दिव्यांच्या झोतात काम करतो, म्हणजे तेवढ्यापुरता तो अभिनेताच. (आमच्या सलूनवाल्याला हे अजून पटलेले नाही.) करकायदा असा समजावला तर कोण वाचणार नाही? एरवी तो फक्त अर्थसंकल्पाच्या दिवशी तक्त्यांत भेटतो. आपल्या क्रीडा पानावर आठवड्याला एक छोटी चौकट यासाठी द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, डोंबिवली